नोकरी सांभाळून स्थानिक शासन व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी: अर्जापासून प्रबंधापर्यंत

मी पाणीपुरवठा विभागात नोकरी करत असताना स्थानिक शासन व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी अर्धवेळ घेतली. तीन वर्षं लागली. तेव्हापासून वेगवेगळ्या विभागांतले सहकारी टेबलाशी येऊन एकच विचारतात, "नोकरी सांभाळून जमतं का?" जमतं. पण आधी काय करायचं आणि नंतर काय, हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिलं वर्ष एवढं ओढाताणीचं गेलं नसतं. तुम्ही कर विभागात असा, आरोग्यात, बांधकाम परवान्यांत, स्वच्छतेत किंवा लेखा शाखेत, खालचा क्रम उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक प्रश्न

माहितीपत्रकं गोळा करण्याआधी कागदावर एक प्रश्न लिहा. रोजच्या कामातला, आणि कार्यालयात ज्याचं ठरलेलं उत्तर तुम्हाला मनातून पटत नाही असा. माझा प्रश्न होता: पाणीपट्टीची थकबाकी वर्षानुवर्षं त्याच त्या वस्त्यांत का साचते? विभागातलं उत्तर ठरलेलं होतं, "तिथल्या लोकांना भरायचंच नसतं." मला ते पटत नव्हतं, पण खोडून काढायला हाताशी काही नव्हतं.

हा प्रश्न पुढे प्रत्येक पेपरात तुमच्याबरोबर बसतो. कायदा शिकताना कळतं की वसुलीचे अधिकार नेमके कुणाचे आणि नळजोडणी कोणत्या अटींवर तोडता येते. वित्त शिकताना कळतं की बुडीत जाणारी थकबाकी वर्षानुवर्षं येणं म्हणून दाखवत राहिलं की अंदाजपत्रक कसं फुगतं. संशोधन पद्धती शिकताना कळतं की "लोकांना भरायचंच नसतं" हे वाक्य तपासायचं कसं. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना विषय शोधण्यात महिने घालवताना मी पाहिलं आहे. आपल्यापाशी तो आधीच नस्तीत बांधून ठेवलेला असतो.

बढतीसाठी शिकायचं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त आधी आस्थापना शाखेला लेखी विचारा: ही पदवी सेवानियमांत धरली जाते का, कोणत्या संस्थेची चालते, प्रवेशाआधी परवानगी घेतलेली असावी लागते का? माझ्या एका सहकाऱ्यानं पूर्ण अभ्यासक्रम केला आणि नंतर कळलं की पूर्वपरवानगी नसल्यानं सेवापुस्तकात नोंदच होणार नाही. एका पत्राची गोष्ट होती.

अभ्यासक्रम पारखताना

नावांवर जाऊ नका. लोकप्रशासनाच्या पदवीत साधारणपणे संपूर्ण शासनयंत्रणा येते, स्थानिक संस्थांना एखादाच पेपर मिळतो. सार्वजनिक धोरणाच्या पदवीत अर्थशास्त्र आणि सांख्यिकी जास्त. स्थानिक शासन व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात अंदाजपत्रक, नागरी सेवा, जमीन आणि नियोजन, निविदा, मनुष्यबळ आणि लोकप्रतिनिधींशी असलेलं नातं हे मध्यभागी असतं. पण हे सगळं माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर नव्हे, आत विषयांच्या यादीत तपासायचं. माझी कसोटी एकच आहे. स्थानिक वित्त आणि लेखा हा विषय सक्तीचा नसेल, तर तो अभ्यासक्रम सोडून द्या. पैशाचा व्यवहार न समजता स्थानिक संस्था चालवायला शिकणं शक्य नाही.

मग वर्गांची पद्धत. संध्याकाळचे वर्ग, शनिवार-रविवार, दर काही महिन्यांनी एक सलग आठवडा, किंवा पूर्ण दूरस्थ. ज्यांना जलवाहिनी फुटली म्हणून रात्री आठ वाजता फोन येतो, त्यांनी संध्याकाळच्या वर्गांच्या नादी लागू नये. तो सलग आठवडा मला सर्वांत मानवला, कारण रजा टाकून गेलं की माणूस खरोखर जातो. मात्र प्रवेशाआधी त्या आठवड्यांच्या तारखा मागून घ्या आणि अंदाजपत्रक, लेखापरीक्षण आणि निवडणूक यांच्या दिनदर्शिकेवर ठेवून बघा. दूरस्थ शिक्षणात मोकळीक असते, पण सोबतचे लोक गमावतात. आमच्या वर्गात अग्निशमनातले एक अधिकारी होते आणि ग्रंथालयात काम करणारी एक ताई. अतिक्रमणाबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं त्या अधिकाऱ्यांच्या तोंडून कळलं.

आणखी एक गोष्ट विचाराच: मध्येच थांबलं तर हातात काय राहतं? अनेक विद्यापीठांत एकाच वाटेवर तीन थांबे असतात, आधी प्रमाणपत्र, मग पदविका, मग पदवी. ब्रिटनमध्ये हे टप्पे ६०, १२० आणि १८० श्रेयांकांचे (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक) आहेत. नोकरदारासाठी अशीच रचना निवडावी. बदली, आजारपण, घरातलं काही, यांतलं काय कधी येईल ते सांगता येत नाही.

तासांचा खरा हिशेब

श्रेयांकांच्या आकड्यांनी फसू नका, कारण श्रेयांक सगळीकडे सारखा नसतो. ब्रिटन आणि दक्षिण आफ्रिकेच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे साधारण १० तासांचं काम. युरोपात तो २५ ते ३० तासांचा. भारतातल्या दूरस्थ शिक्षणात साधारण ३० तासांचा. यात वर्ग, वाचन, लेखन, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. म्हणून श्रेयांकांचे तास करा आणि मग तुलना करा.

ब्रिटनच्या पद्धतीतली १८० श्रेयांकांची पदवी म्हणजे १,८०० तास. दोन वर्षांत विभागले तर आठवड्याला सुमारे १७ तास, तीन वर्षांत सुमारे साडेअकरा. शिवाय वर्षातले काही आठवडे अंदाजपत्रकात किंवा पावसाळ्यात वाहून जाणारच, म्हणजे उरलेल्या आठवड्यांवर भार वाढतो. दोन वर्षांत उरकायच्या घाईत असणाऱ्यांना मी हा गुणाकार करून दाखवते. जबाबदारीच्या पदावर असाल तर तीन वर्षं घ्या.

तास शोधताना मी दोन आठवडे स्वतःचा वेळ वहीत टिपला होता. माझा उपयोगाचा वेळ निघाला पहाटे पाच ते साडेसहा. रात्री मी फक्त पानं उलटत होते. तुमचा वेळ वेगळा असेल, पण अंदाजानं ठरवू नका, टिपून बघा. आणि घरातल्यांना तेच वेळापत्रक दाखवा. "थोडा अभ्यास आहे" असं सांगून तीन वर्षं निभत नाहीत.

कार्यालयाची परवानगी आणि करार

नाहरकत मागताना अर्जात तीनच गोष्टी हव्यात: अभ्यासक्रमाचं नाव आणि कालावधी, वर्गांच्या नेमक्या तारखा, आणि त्या दिवसांत तुमचं काम कोण बघेल याची व्यवस्था. तिसरी गोष्ट लिहिली नाही तर फाईल "अभिप्रायास्तव" फिरत राहते. ज्याच्याकडे कार्यभार जाणार त्या सहकाऱ्याशी आधी बोला, अर्जात त्याचं नाव त्याला न विचारता घालू नका.

कार्यालय शुल्क भरणार असेल तर बहुतेक ठिकाणी बंधपत्र असतं: पदवीनंतर ठरावीक वर्षं सेवेत राहा, नाहीतर रक्कम परत करा. यातली बारीक अक्षरं वाचा. नापास झाल्यास, अभ्यासक्रम सोडल्यास, बदली किंवा प्रतिनियुक्ती झाल्यास काय, हे प्रत्येक कलम वेगळं बघायचं. विद्यापीठाकडेही एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: निवडणूक, पूर किंवा साथ यांमुळे शासकीय कर्तव्यावर जावं लागलं तर परीक्षा पुढे ढकलता येते का, आणि पुरावा कोणता लागतो?

अर्ज

यात फार वेळ घालवू नका. गुणपत्रिका, सेवेचा दाखला, दोन शिफारसपत्रं आणि उद्देशपत्र. शिफारशीसाठी सर्वांत वरचा अधिकारी शोधण्यापेक्षा तुमचं काम जवळून पाहिलेला माणूस धरा. उद्देशपत्रात सेवेची यादी देऊ नका. सुरुवातीला कागदावर लिहिलेला तो प्रश्न लिहा, तो कुठून आला ते लिहा, आणि तो सोडवायला तुम्हाला काय शिकायचं आहे ते लिहा. एक पान पुरतं. जुना सेवानुभव किंवा खात्याअंतर्गत प्रशिक्षण श्रेयांकांत धरलं जातं का, तेही याच वेळी विचारा.

टिपणी लिहिणारा हात

माझा पहिला निबंध परत आला तेव्हा समासात शिक्षकांनी लिहिलं होतं: "कोणी ठरवलं? कशावरून?" बारा वर्षं टिपण्या लिहून माझा हात एका वळणावर गेला होता. "असे निदर्शनास आले आहे की", "सबब कार्यवाही करण्यात येत आहे", "मान्यतेस्तव सादर". या वाक्यांत कर्ता नसतो. कार्यालयात त्याला कारण आहे, तिथे निर्णय पदाचा असतो, माणसाचा नव्हे. पण निबंधात कर्ता लपवला की युक्तिवादही लपतो.

हा बदल नोकरदार विद्यार्थ्याला सर्वांत जड जातो, आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही. टिपणी एका निर्णयाकडे नेते आणि त्याच्या आड येणारं शक्यतो बाजूला ठेवते. निबंधाला आड येणाऱ्या गोष्टीच हव्या असतात. टिपणीत शासन निर्णयाचा क्रमांक दिला की मुद्दा संपतो. निबंधात तिथून सुरू होतो: नियम असा आहे हे ठीक, पण तसा का केला, त्यातून काय घडलं, दुसरीकडे वेगळा नियम असताना काय झालं?

मला ज्यानं मदत झाली ते सांगते. आधी सवयीप्रमाणे टिपणीच लिहायची. मग प्रत्येक वाक्यापुढे समासात दोन खुणा करायच्या: हे मी पाहिलं, की वाचलं, की नुसतं धरून चालले? आणि याला नाही म्हणणारा माणूस काय म्हणेल? "धरून चालले" अशी खूण असलेली वाक्यं एकतर पुराव्यानं भरायची नाहीतर काढायची. पहिल्या सत्रात माझी निम्मी पानं अशी गळाली. दुसऱ्या सत्रापासून हात वळला. याचा एक फायदा असाही की कार्यालयातल्या माझ्या टिपण्या आखूड झाल्या.

दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर तिथल्या तिथे नोंद करा. आपल्याला जुन्या फाईलचा मसुदा उचलून तारीख बदलायची सवय असते. कार्यालयात ती कार्यक्षमता ठरते, विद्यापीठात चोरी.

विषयांतलं कठीण आणि गोडीचं

वित्त हा बहुतेकांना धडकी भरवणारा विषय. त्याला घाबरू नका, पण मागेही ठेवू नका. सुरुवात रोख लेखा आणि उपार्जित लेखा यांतल्या फरकापासून करा. रोख पद्धतीत पैसा आला-गेला तेव्हा नोंद होते, उपार्जित पद्धतीत देणं उभं राहिलं तेव्हा. कागदावर हा फरक कोरडा वाटतो. पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरानं दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा निवृत्तिवेतन आणि कर्जांची वर्षानुवर्षं साठलेली देणी समोर होती. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेनं अत्यावश्यक नसलेला नवा खर्च थांबवण्याची नोटीस काढली, त्यामागे समान वेतनाच्या दाव्यांचं प्रचंड देणं होतं. या वर्षी पेटीत किती पैसे आले एवढंच बघणाऱ्याला असं देणं दिसत नाही. हे वाचून झाल्यावर आपल्याच संस्थेचा ताळेबंद काढा आणि दायित्वांची बाजू आधी वाचा.

सिद्धांतांच्या पेपरात अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबू भेटतील. १९५६ साली त्यांनी मांडलं की लोक आपल्याला हव्या त्या करांचं आणि सेवांचं गाव निवडून तिथे राहायला जातात, आणि अशी निवड झाली की स्थानिक सेवा लोकांच्या आवडीला जुळत जातात. वर्गात आम्ही सगळे एकदम बोललो होतो, असं कोण उठून जातं? पण सिद्धांत वाचायची रीत हीच आहे की त्याची गृहीतकं आधी वाचायची. टीबूंनी ती लपवलेली नाहीत: माणूस कुठेही मोकळेपणानं जाऊ शकतो, त्याला सगळी माहिती आहे, नोकरीचं बंधन नाही. आता तुमच्या गावात यातलं कोणाला लागू पडतं आणि कोणाला नाही, हे लिहिलं की तुमचा निबंध तयार.

शेरी आर्नस्टीन यांची नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मला फार जवळची वाटली. अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्यात त्या नागरिकांच्या सहभागाबद्दल सल्लागार होत्या, म्हणजे आतून पाहून लिहिणाऱ्या. १९६९ च्या लेखात त्यांनी सहभागाची सर्वांत खालची पायरी लोकांना वापरून घेण्याची आणि सर्वांत वरची नागरिकांच्या हाती अधिकार असण्याची, अशी मांडणी केली. आपण हरकती आणि सूचना मागवतो, सुनावणी घेतो, ते चौथ्या पायरीवर येतं, नुसता देखावा होऊ शकणाऱ्या गटात. मी स्वतः घेतलेल्या सुनावण्या आठवून मला त्या रात्री झोप लागली नव्हती. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकाचे प्राधान्यक्रम ठरवायला सुरुवात केली, तो प्रयोग याच शिडीशेजारी ठेवून वाचा.

लोकप्रतिनिधी आणि प्रशासन यांच्यातली सीमारेषा हा विषय आपल्याला रोजचा वाटतो, म्हणून आपण त्यात कच्चे राहतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या स्टाँटन शहरानं १९०८ साली कारभारासाठी पगारी व्यवस्थापक नेमला. १९१३ च्या पुरानंतर ओहायोतल्या डेटननं तीच पद्धत घेतली आणि ती पसरली. निवडून आलेल्यांनी धोरण ठरवायचं आणि नेमलेल्यानं राबवायचं, असा तो करार. प्रत्यक्षात रेषा इतकी सरळ राहते का, यावर तुमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल. माणसांची नावं न घेता सांगायला शिका.

कार्यालयाची माहिती अभ्यासात वापरताना

इथे नवखे लोक चुकतात, आणि ही चूक नोकरीवर बेतू शकते. तुमच्या लॉगिननं एखादी यादी उघडते, याचा अर्थ ती प्रबंधात वापरायची परवानगी आहे असा होत नाही. थकबाकीदारांची नावं, रुग्णांच्या नोंदी, तक्रारदारांचे क्रमांक तुम्हाला कर्तव्यासाठी दिलेले आहेत. अभ्यासासाठी वेगळी लेखी परवानगी मागा, त्यात नेमकी कोणती माहिती, कोणत्या काळाची आणि ती किती दिवसांनी नष्ट करणार हे लिहा. नावं आणि पत्ते काढून टाकलेला तक्ता मागा. ऑनलाइन भाषांतर किंवा लेखनसाधनांत कार्यालयाचा कागद कधीही टाकू नका.

मुलाखती घ्यायच्या असतील तर आपल्या हाताखालच्या लोकांच्या घेऊ नका. ज्याचा गोपनीय अहवाल तुम्ही लिहिता तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, आणि जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या होकाराला अर्थ नाही. मी दुसऱ्या विभागाच्या वसुली कर्मचाऱ्यांशी बोलले, तेही त्यांच्या कामाच्या वेळेबाहेर.

प्रबंध

प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा. माझा प्रश्न संपूर्ण शहराचा होता, मार्गदर्शकांनी तो दोन वस्त्यांवर आणि तीन वर्षांच्या नोंदींवर आणला. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण लहान प्रश्नालाच पूर्ण उत्तर मिळालं. दोन्ही वस्त्यांत कितीतरी देयकं मयत माणसांच्या नावानं निघत होती, वारसांची नोंद झालीच नव्हती. आणि काही गल्ल्यांत देयक मुदत उलटल्यावर पोचत होतं, म्हणजे हातात पडतानाच दंड लागलेला.

एका वस्तीत देयकवाटपाची तारीख आधी आणल्यावर वसुली वाढली होती. मी उत्साहानं लिहिलं की वाटप सुधारलं म्हणून वसुली वाढली. मार्गदर्शकांनी मला १८५४ च्या लंडनची गोष्ट वाचायला लावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीच्या (कॉलराच्या) मृत्यूंची जागा शोधत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं आणि तिथल्या पॅरिशच्या (स्थानिक प्रभागाच्या) मंडळानं पंपाचा दांडा काढला. पण स्नो यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं की तोवर लोक पळून गेल्यामुळे साथ आधीच उतरू लागली होती. पाण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं खरं ठरलं, तरी दांडा काढला म्हणून साथ थांबली असं त्यांनी ठासून सांगितलं नाही. मी नोंदी पुन्हा काढल्या. त्याच वर्षी दंडमाफी जाहीर झाली होती आणि जिथे वाटप बदललं नव्हतं तिथेही वसुली वाढली होती. दोन्ही वाढींची तुलना केल्यावर माझ्या दाव्याचा एक भागच टिकला. तेवढाच मी लिहिला. तुमच्या प्रश्नातही बदल झाला नाही अशी एक जागा तुलनेसाठी पहिल्या दिवसापासून धरून ठेवा.

मध्येच थांबावं लागलं तर

विद्यापीठाला न कळवता गैरहजर राहू नका. नोंदणी स्थगित ठेवण्याचा अर्ज मुदतीत करा. थांबण्याआधी एक पान लिहून ठेवा: कुठवर आलो, पुढचं पाऊल कोणतं, कोणता कागद कुठे आहे. मी सासूबाईंच्या आजारपणात पाच महिने थांबले होते, परत आल्यावर त्या एका पानानं मला पंधरा दिवस वाचवले.

पदवीनंतरचं शेवटचं काम

प्रबंध जमा झाल्यावर कार्यालयासाठी त्याची दोन पानांची टिपणी करा. आकड्यांचा एकच तक्ता, लगेच करता येण्यासारख्या दोन-तीन गोष्टी, प्रत्येकीला लागणारा खर्च आणि जबाबदार शाखा. माझ्या टिपणीत वारसनोंदीसाठी वॉर्डनिहाय दिवस ठेवावेत आणि देयकवाटपाचा मार्ग बदलावा एवढंच होतं. पहिली गोष्ट मान्य झाली, दुसरी अजून फिरते आहे. आणि ही टिपणी वर पाठवण्याआधी, ज्या लिपिकांनी जुनी रजिस्टरं धूळ झटकून काढून दिली आणि ज्यांनी वाटपाच्या वाटा समजावून सांगितल्या, त्यांना वाचायला द्या. माझ्या तक्त्यातली एक चूक त्यांनीच पकडली.